बाभळीला थांबलेली मेल

सोलापूरच्या आग्नेयेला माझा एक मुलूख आहे आणि तो मी कधी पाहिलेला नाही. तिथल्या एका स्टेशनाला लागून पिठाची गिरणी आहे. दुसऱ्याच्या मागे मशीद आहे. तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी बदकं पाळलीत आणि पाऊस येण्याआधी ती फार बोलतात. हे सगळं मला कानांनी कळलेलं. मी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात बसते. खोलीला खिडकी नाही. समोर पडदा, कानाला हेडफोन, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला छोट्या स्टेशनांचे मास्तर. कुठली गाडी बाजूला घ्यायची, कुणाला पुढं काढायचं, हे मी इथून सांगते आणि ते तिथं करतात. माझे वडील बार्शीला शिक्षक होते. त्यांना हे काम समजावून सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या." मला राग आला होता. तसा मला राग यायला फार काही लागत नाही.

पडद्यावर प्रत्येक गाडीची एक रेघ असते. वेळ डावीकडून उजवीकडे सरकत जातो, स्टेशनं वरून खाली मांडलेली असतात. गाडी धावत असली की रेघ तिरकी उतरते. उभी राहिली की आडवी होते आणि हलेपर्यंत आडवीच लांबत राहते. नोकरीच्या सुरुवातीला या रेघा मला झोपेत दिसायच्या. सकाळी उठल्यावर चादरीच्या चुण्यांतही कुठली गाडी कुठं अडलीय ते मी शोधत पडायची. घरचे हसायचे. मीही हसायची, पण एखादी सरळ आडवी चुणी दिसली की हाताने मोडून टाकायची.

आमच्या फोनची तार एकच. मी एका स्टेशनाला हाक मारली की तो बोलतो, पण बाकीच्यांनी रिसीव्हर उचललेला असला तर सगळे ऐकतात. त्यामुळे या तारेवर कुणी मनातलं बोलत नाही. दुसरा नियम असा की मी दिलेला निरोप समोरच्याने शब्दाला शब्द परत म्हणायचा, "बरोबर?" असं विचारायचं, आणि मी "बरोबर" म्हटल्यावर घड्याळ बघून वेळ सांगायची. तेवढं झालं की निरोप पोचला. नाहीतर तो निरोपच नव्हे.

या मुलखात एक स्टेशन होतं, त्याला मी इथं बाभळी म्हणते. खरं नाव लिहायला मन घेत नाही. तिथले मास्तर पंधरा वर्षं माझ्याशी बोलत होते आणि आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. बाकी सगळे मला मॅडम म्हणत. ते मला कंट्रोल म्हणत. मी बटण दाबून "बाभळी" म्हटलं की तिकडून यायचं, "बाभळी बोलतोय. बोला, कंट्रोल." अक्कलकोटकडचे, घरात कन्नड, बाहेर मराठी. निरोप परत म्हणून, वेळ सांगून झाली की शेवटी "आयतु" म्हणायचे. त्यांच्या कन्नडमध्ये याचा अर्थ झालं, ठीक आहे. मेल तासभर उशिरा असो की मालगाडीचं इंजिन बसलेलं असो, आयतु तेच आणि सूरही तोच. त्या आवाजावरून मी त्यांना उंच करून ठेवलं होतं. मिशा दिल्या होत्या. हातात नेहमी एक काठी दिली होती, का ते मलाही ठाऊक नाही.

आता जे सांगायचं ते त्यांच्या निवृत्तीच्या आठ वर्षं आधीचं. दुपारी त्यांची ड्यूटी संपली होती, बदली मास्तर येऊन बसला होता. अशा वेळी तारेवर बाभळीचा आवाज आला.

"कंट्रोल, एक विनंती हाय. मेल दोन मिनिटं हितं थांबवता का? आई सोलापूरला दवाखान्यात हाय. पॅसेंजरला अजून तीन तास हायत."

मेल बाभळीला थांबत नाही. त्या दिवशी ती आधीच उशिरा होती आणि वरून मला सकाळपासून त्यावरच बोलणी बसत होती. तार उघडी, सगळे ऐकत असणार. एकाला दिलं की दुसरा मागणार. मी म्हटलं, "बसत नाही, बाभळी. मेल थांबणार नाही."

ते म्हणाले, "मेल थांबणार न्हाई. बरोबर?"

"बरोबर."

"सोळा बावीस. आयतु."

पंधरा मिनिटांनी बदली मास्तरने मेल गेल्याचं कळवलं. पॅसेंजरने ते सोलापूरला पोचले त्याच्या तासभर आधी त्यांची आई गेली होती. मला हे चार दिवसांनी कळलं, आणि तेही चहाच्या टेबलावर.

नियमाने पाहिलं तर माझं चुकलं नव्हतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ऐकून ऐकून मलाच कंटाळा आला. चुकलं होतं. त्यांच्याशी त्यावर बोलायला हवं होतं, पण तारेवर बोलणार कसं? तुम्ही म्हणाल, मोबाइल नव्हता का? होता. नंबरही होता. बाभळी इथून तीस किलोमीटर, गेले असते तर संध्याकाळपर्यंत परत आले असते. माझ्यात धीर नव्हता, खरं कारण तेवढंच. आठ वर्षं मी त्यांना गाड्या सांगितल्या आणि त्यांनी मला वेळा सांगितल्या.

ते निवृत्त झाले तो दिवस म्हणजे मे महिन्याची अखेर. चारला त्यांची शेवटची ड्यूटी संपणार, बदली मास्तर पॅसेंजरने सोलापूरहून येणार, मग हे सोलापूरला येणार. आमच्या ऑफिसामागच्या हॉलमध्ये साडेपाचला निरोपाचा कार्यक्रम होता. बायको, लेकी, जावई दुपारपासूनच येऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हुबळीला मुलाकडे जाणार, कायमचे. मी ठरवून टाकलं होतं की आज समोर उभं राहून सांगायचं. सकाळपासून वाक्य घोळवत होते. हात दाखवून अवलक्षण झालं तरी चालेल, पण आज बोलायचं. आज नाही तर कधीच नाही, हे मला पक्कं कळत होतं.

दोनच्या सुमाराला वावटळ उठली. ती मी पाहिली नाही, बाभळीने सांगितली. "कंट्रोल, एक पत्रा उडत गेलाय. मोठा हाय. रुळाकडं गेलाय." थोड्या वेळाने विजेच्या तारेतला पुरवठा गेला. बाभळी आणि त्याच्या अलीकडचं स्टेशन, यांच्या मध्ये कुणाच्यातरी गोठ्याचा पत्रा वरच्या तारेवर जाऊन बसला होता आणि तार तुटून दोन्ही मार्गांवर लोंबत होती. सोलापूरकडे येणारी मेल बाभळीला अडकली. सोलापूरहून निघालेली पॅसेंजर तुटलेल्या तारेच्या अलीकडे, मधल्या रानात उभी राहिली. त्या पॅसेंजरमध्ये बदली मास्तर होता. तो पोचल्याशिवाय बाभळीचे मास्तर खुर्ची सोडू शकत नव्हते.

दुरुस्तीची गाडी सोलापूरहून निघाली. मागच्या गाड्या मी जिथल्या तिथं थांबवल्या. पहिला अर्धा तास फोन, ओरडा, निरोप. माझा आवाज चढला होता, एकाला तर मी फारच बोलले. आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकेक करून आडव्या झाल्या. शेजारच्या पडद्यावर, पलीकडच्या सेक्शनच्या, तशाच. मी इतक्या आडव्या रेघा एका वेळी कधी पाहिल्या नव्हत्या. खोलीत एसीचा आवाज तेवढा होता. मी तार उघडी ठेवली आणि ऐकत बसले.

गाड्या थांबल्या की मुलूख बोलायला लागतो. गिरणी बंद होती, वीज गेली असणार. एका स्टेशनावर कुणीतरी झाडू मारत होतं, दमून, मध्ये मध्ये थांबत. बदकं कुठंतरी सावलीला गेली असावीत. बाभळीच्या रिसीव्हरमधून मेलमधले लोक ऐकू येत होते. हजारेक माणसं रुळांवर, झाडाखाली, फलाटावर उतरलेली. पोरांची रड, कुणाचं तेलुगूत बोलणं, पत्त्यांचा डाव मांडलेला, आणि या सगळ्याच्या पलीकडे होला पक्षी घुमत होता. मला वाटत राहिलं की मी तिथंच आहे, दगडी बाकावर बसले आहे, पाय उन्हात आहेत. पायांना ऊन खरोखर लागत होतं. किती वेळ गेला माहीत नाही, पडदा वीस मिनिटं म्हणत होता.

"कंट्रोल, आवाज न्हाई तुमचा. आईकताय का?" बाभळी विचारत होते.

"ऐकतेय. पाण्याचं काय?"

"टाकी संपली. आता एक बाई आल्यात हितं. तो पत्रा त्यांचाच. शेळ्या उन्हात पडल्यात, पत्रा कवा देताय म्हणत्यात."

मी म्हटलं, बाईंना सांगा, पत्रा पंचवीस हजार व्होल्टच्या तारेवर बसलाय, मिळेल सावकाश. त्यांनी सांगितलं असावं, कारण लगेच मागून बाईंचा आवाज आला, खणखणीत: "मग म्या काय करू? शेळ्या माज्या हायत का तुमच्या?" मला हसू आलं. बाभळीने त्यांच्याशी काहीतरी हळू बोलणं केलं. थोड्या वेळाने कळवलं की बाई आपल्या शेतातल्या विहिरीवर इंजिन चालू करून मेलच्या लोकांना पाणी देणार आहेत. अट एकच. तार जोडली की पत्रा त्यांच्या दारात पोचला पाहिजे, वाकलेला असला तरी.

"पत्रा दारात पोचवावा. बरोबर?" मी विचारलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा निरोप परत म्हटला.

"बरोबर," ते म्हणाले. हसत असावेत.

चार वाजले, साडेचार झाले. माझी ड्यूटी संपली होती, पण अशा दिवशी कुणी उठत नाही. हॉलमधून शिपाई येऊन विचारून गेला, पाहुणे बसलेत, काय सांगू? मी म्हटलं, चहा द्या. सव्वापाचला पॅसेंजरच्या गार्डाने मोबाइलवरून कळवलं की बदली मास्तर मघाशीच उतरलाय आणि रुळाकडेने चालत बाभळीकडे निघालाय. पाच किलोमीटर, मेच्या उन्हात, खडीतून. मी हे तारेवर सांगितलं. बाभळी म्हणाले, "कशाला पण." आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

सहाला दहा कमी असताना एक मार्ग सुरू झाला. एकच. आता एका वेळी एकच गाडी जाणार, आणि कुठली ते मी सांगायचं. मेल आधी काढणं हेच बरोबर होतं, त्यात प्रश्न नव्हता. हजार माणसं उन्हात चार तास बसली होती. पण मेल गेली की बाभळीला सोलापूरकडची गाडी रात्री साडेदहापर्यंत नव्हती. सगळी तार गप्प होती. एरवी एवढ्या गोंधळात कुणीतरी खोकतं, कुणीतरी मध्ये बोलतं. त्या वेळी सहाही स्टेशनं रिसीव्हर कानाला लावून बसली होती आणि कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं.

"मेल सोडा, कंट्रोल," बाभळी स्वतःच म्हणाले. "लोकं लई दमल्यात."

"बदली मास्तर दिसतोय का?"

"दिसतोय. सिग्नलच्या पलीकडं हाय. लंगडतोय जरा."

तिथून स्टेशनापर्यंत पाच-सहा मिनिटं. मग चार्ज द्यायचा, किल्ल्या, रजिस्टर, सह्या. मी पडद्याकडे पाहिलं. मेलची रेघ दोनच्या सुमारापासून आडवी होती. तिला तिरकी करायला माझा एक शब्द पुरे होता. त्यांनी मागितलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी एकदा मागितलं, त्यानंतर या माणसाने माझ्याकडे काही म्हणजे काहीही मागितलं नाही.

"बाभळी," मी म्हटलं, "मेलला सिग्नल देऊ नका. मी सांगेपर्यंत."

"कारण?"

तार उघडी होती. माझ्या मागे साहेब उभे होते.

"कंट्रोलची ऑर्डर."

तिकडे होला पुन्हा घुमला. मग त्यांनी एकेक शब्द नीट म्हटला. "मेलला सिग्नल देऊ नये, कंट्रोल सांगेपर्यंत. बरोबर?"

"बरोबर."

"सतरा बावन्न." आयतु म्हणाले नाहीत.

साहेब पडद्याकडे एकदा बघून चहा घ्यायला निघून गेले. त्यांचे उपकार मी अजून फेडलेले नाहीत. नऊ मिनिटांनी बदली मास्तरचा धापा टाकणारा आवाज तारेवर आला. बाभळीचा चार्ज घेतला, गार्डाच्या डब्यात मास्तर चढलेत, मेल तयार आहे. "सोडा," मी म्हटलं. रेघ हलली. आणि मग ज्यांनी कधी नियमाबाहेर एक अक्षर काढलं नव्हतं, ती पाची स्टेशनं एकामागून एक नुसती आपली नावं सांगत गेली. गिरणीवालं, मशिदीवालं, बदकांचं. एवढंच. बाभळीत आता ऐकायला ते नव्हतेच, पण तरी सांगितली.

मी ड्यूटी दिली, हॉलमधून एक हार उचलला आणि जिना उतरून फलाटावर गेले. कार्यक्रम मग आठला झाला, राहिलेल्या पंधरा-वीस माणसांत. हार मात्र मी आधीच नेला होता, म्हणून दुसरा आणावा लागला.

मेल आली. दारं भरून माणसं उतरली, धुळीने पांढरी, दमलेली, कडेवर झोपलेली पोरं. गार्डाचा डबा पार टोकाला. मी चालत गेले तोवर तिथली माणसं गर्दीत मिसळली होती. मी उंच माणूस शोधत होते. मिशा शोधत होते. दोन उंच माणसांच्या समोर हार घेऊन उभी राहिले, दोघंही घाबरून बाजूला झाले. तेव्हा मला लक्षात आलं की मला ते दिसणारच नाहीत. मी कधी पाहिलंय त्यांना?

मी डोळे मिटले. मनात बटण दाबलं, आणि भर फलाटावर, जशी पंधरा वर्षं मारत आले तशी हाक मारली. "बाभळी!"

लोक थांबून बघायला लागले असतील. माझ्या डाव्या खांद्याच्या खालून आवाज आला.

"बाभळी बोलतोय. बोला, कंट्रोल."

ते माझ्याहून बुटके होते. मिशा नव्हत्या. हातात काठी नव्हती, स्टीलचा डबा होता, आणि शर्टाच्या खिशाला शाईचा जुना डाग. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला वाटायचं तुमी लई वयस्कर असाल." मी हार घातला. तो त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला.

"एक सांगायचं हाय," ते म्हणाले. "ती नऊ मिनिटं मी रजिस्टरात लिवलीत. मेल अडवली, कंट्रोल ऑर्डर, कारण दिलं न्हाई. शेवटची नोंद माजी. खोटं लिवायचं न्हवतं मला."

"लिहायलाच हवं होतं," मी म्हटलं, आणि मग सकाळपासून घोळवलेलं वाक्य तोंडात आलं, पण वेगळंच होऊन. लहान झालं होतं. "त्या दिवशी मेल थांबवायला हवी होती. माझं चुकलं."

त्यांनी डबा खाली ठेवला. आजूबाजूला हमाल ओरडत होते, लाऊडस्पीकर कुठल्यातरी गाडीच्या उशिराबद्दल सांगत होता. ते सरळ उभे राहिले, टेबलापाशी उभे राहत असतील तसे.

"त्या दिवशी मेल थांबवायला हवी होती. कंट्रोलचं चुकलं," त्यांनी शब्दाला शब्द म्हटलं. त्यांचे डोळे भरले होते, सूर नेहमीचाच होता. "बरोबर?"

"बरोबर."

त्यांनी मान वर करून फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अठरा अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "आयतु."